दूधभावाची मडकी

आमच्या बेटावरच्या अजीम बंदरात, धक्क्यावर खमैसला 'दोन आयांचा' म्हणत. तो जन्मला आणि त्याच्या आईला ताप चढला, दूध आटलं. बाप स्पंजासाठी समुद्रात बुड्या मारणारा माणूस. तान्हं पोर घेऊन काय करावं त्याला कळेना. त्यानं पोराला घोंगडीत गुंडाळलं, गाढवावर बसला आणि बेटावरच्या कुंभारांच्या गावी, गल्लालाला गेला. तिथे एका कुंभाराच्या तिबर नावाच्या बायकोला नुकताच मुलगा झाला होता. तिनं एका बाजूला आपला फरहात घेतला आणि दुसऱ्या बाजूला हा कोळ्याचा खमैस. आई बरी होऊन पोराला न्यायला आली, तोवर पोर तिबरलाच आई समजायला लागलं होतं.

आमच्याकडे एका बाईचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं धरतात. त्यांच्या घरांत आपसांत सोयरीक होत नाही, आणि मयताला खांदा द्यायला त्यांना बोलवावं लागत नाही. खमैस ईदच्या सकाळी आधी गल्लालाला जाऊन उम्मी, म्हणजे आई, तिबरच्या हाताचं चुंबन घ्यायचा, मग स्वतःच्या आईकडे यायचा. त्यावरून त्याची आई दर वर्षी थोडा वेळ फुगून बसायची.

मोठा झाल्यावर फरहात बापाच्या चाकावर बसला आणि खमैस समुद्रावर गेला. खमैस थोराड हाडांचा आणि मोजकं बोलणारा. त्याला एक खोड होती. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तो बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोकायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. टरबूज, नावेची फळी, तेलाचा डबा, एकदा तर बायकोनं आणलेलं कपाट. बायको मबरूका म्हणायची, "मला मागणी घालायला आलास तेव्हा माझ्या डोक्यावर ठोकून पाहिलं नाहीस, हे माझं नशीब." फक्त एका ठिकाणी तो ठोकत नसे. फरहातच्या मडक्यांवर.

अजीमच्या कोळ्यांना मडकी लागतात ती ऑक्टोपससाठी. थंडी पडायला लागली की ऑक्टोपस उथळ पाण्यात येतो आणि राहायला बीळ शोधतो. कोळी लांब दोरीला ओळीनं मडकी बांधून तळाशी सोडून देतात. गळ नाही, आमिष नाही. रिकामं मडकं आवडलं की तो आत शिरतो आणि मडकं वर ओढलं तरी बाहेर पडत नाही, उलट आतून अधिकच घट्ट धरतो. खमैस म्हणायचा, "लोकांना वाटतं आपण ऑक्टोपस धरतो. आपण फक्त भाडेकरू शोधतो. घर पसंत करणारा तो."

इतकी वर्षं खमैस दुसऱ्यांच्या नावेवर राबला. त्या वर्षी पहिल्यांदा त्याच्या हाती नाव आली, तीही एका अटीवर. सालम काका म्हातारे झाले होते, त्यांना मुलगा नव्हता. ते म्हणाले, "हा मोसम माझी नाव तू चालव. मला दाखव की ती तुझ्या हातात पोट भरते. दाखवलंस तर नाव तुझी. नाहीतर माझा पुतण्या जिलानी आहेच, तो कधीचा मागतोय." जिलानीकडे स्वतःची एक छोटी नाव होती, आणि त्याला ती पुरत नव्हती हे सगळ्या धक्क्याला माहीत होतं.

खमैस त्याच दिवशी गल्लालाला गेला आणि फरहातला म्हणाला, "मला ऑक्टोपसची मडकी हवीत. पूर्ण दोरीभर. माझ्या स्वतःच्या नावेसाठी."

फरहातनं त्याला मिठी मारली. उम्मी तिबरनं अंगणात येऊन तोंडानं आनंदाची किलकारी काढली, तेव्हा शेजारच्या बायकांनी कुणाचं लग्न ठरलं म्हणून डोकावून पाहिलं.

मोसम तोंडावर आला तेव्हा मडकी तयार होती. अंगणात रचून ठेवलेली, आतून बाहेरून चुन्यानं पांढरीशुभ्र.

"चुना कशाला रे दिलास?" खमैसनं विचारलं.

"खास तुझ्यासाठी. पहिला मोसम आहे तुझा. गढूळ पाण्यात लांबून उठून दिसायला हवीत. ऑक्टोपसला वाटेल, नवीन वस्ती झाली."

"भाडं किती म्हणून विचारेल."

"मग भाड्यात त्यालाच घे."

दोघं हसले. सवयीनं खमैसचा हात एका मडक्याकडे गेला होता. पेर टेकणार तेवढ्यात त्यानं तो मागे घेऊन खिशात घातला.

इथे कोळ्या-कुंभारांमधली एक रीत सांगायला हवी. मडकी घेताना कोळी आधी मूठभर मडकी उचलतो, ती दोरीला बांधून दोन-चार दिवस समुद्रात सोडतो, आणि मग येऊन सांगतो, घेतो किंवा नाही घेत. याला 'समुद्राला विचारणं' म्हणतात. समुद्रानं हो म्हटलं की सगळा माल घेणाऱ्याचा. आणि न विचारता सगळीच मडकी पाण्यात घातली, तर मग तक्रार नाही. ओलं झालेलं मडकं कुंभार परत घेत नाही.

फरहात दोरी गुंडाळत म्हणाला, "समुद्राला विचारायचं असेल तर थोडी आधी ने हां. मागाहून म्हणू नकोस, सांगितलं नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का? मी तुझी मडकी तपासली हे उम्मीला कळलं तर चुलीतलं लाकूड घेऊन धावेल माझ्यामागे."

"नाही, मी आपलं विचारलं."

"विचारलंस. आता चहा टाक."

पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा सगळी मडकी रिकामी आली. खमैसला काही वाटलं नाही. नवीन घर आहे, वेळ लागतो. दुसऱ्यांदाही रिकामी आली, तेव्हा त्यानं जागा बदलली. तो समुद्रगवताच्या कडेला गेला, जिथे त्याचा बाप सांगायचा की ऑक्टोपस हटकून असतो. तिथेही नाही. तळाशी मऊ वाळू, मध्ये मध्ये दगड, पाणी निवळ. नावेवरून वाकलं तर आपली पांढरी मडकी ओळीनं बसलेली दिसत होती, आणि एकाच्या जवळून एक ऑक्टोपस दगडाच्या रंगाचा होऊन गेला. त्यानं एक पाय मडक्याच्या तोंडाला लावला, आणि तवा तापलेला असावा तसा झटकन मागे घेतला.

शेजारच्याच पाण्यात जिलानीची दोरी होती. त्याच्या घरासमोर वाळत घातलेले ऑक्टोपस धुतलेल्या विजारींसारखे वाऱ्यावर हलत होते. खमैसच्या घरासमोरची दोरी मोकळी होती. मबरूकानं शेवटी तिच्यावर खरोखरच विजारी वाळत घातल्या.

सालम काका रोज धक्क्यावर जपमाळ घेऊन बसायचे. ते म्हणाले, "काय रे दोन आयांच्या, समुद्रातले ऑक्टोपस संपले, की फक्त तुझ्याशी बोलत नाहीत?"

"बोलतील, काका."

"बोलू देत लवकर. जिलानीची बायको माझ्या नावेला कुठला रंग द्यायचा ते ठरवायला लागली आहे."

आजूबाजूचे हसले. खमैसही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

घरी मबरूकानं विचारलं, "मडकी बघितलीस का?"

"मडक्यांना काय झालंय?"

"मला काय माहीत. मी टरबूजसुद्धा तुझ्याकडून ठोकून आणते."

"ती फरहातची आहेत."

"माहीत आहे कुणाची आहेत. बघितलीस का, ते विचारतेय."

त्यानं समुद्रातून काढून आणलेल्या मडक्यांतलं एक तिनं उचललं, आत नाक घातलं, तोंड वाकडं केलं. मग चुलीवर कुसकुसचा रवा वाफवायला ठेवलेलं उकळतं पाणी तिनं पळीनं त्यात ओतलं आणि मडकं त्याच्या तोंडासमोर धरलं. वाफेबरोबर जळक्या रबराचा भपकारा आला. मोटारीच्या गॅरेजच्या मागे येतो तसा.

"यात तू राहशील?" मबरूका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो ते मडकं घेऊन गल्लालाला गेला. फरहातचं काम चालतं ती खोली अर्धी जमिनीत गाडलेली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत चाक फिरत होतं. फरहातनं वर पाहिलं, हातातलं मडकं पाहिलं, आणि पुन्हा मातीकडे पाहायला लागला.

"याला वास येतोय," खमैस म्हणाला.

"कसला?"

"रबराचा. भट्टीत काय घातलं होतंस?"

"मडकं गळतंय का?"

"नाही."

"तडा गेलाय?"

"नाही."

"मग मडक्याला काय झालंय? मडकं ते मडकं. आत कोण बसेल हे मी कसं सांगू?"

"फरहात, मी ही पाणी भरायला नेली नव्हती. कशाला हवीत ते तुला इथे, या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं. तू मिठी मारली होतीस."

फरहातनं चाक थांबवलं. आवाज मात्र मऊच ठेवला. "हे बघ, ओलं मडकं परत नाही. हा नियम माझा नाही, तुझ्या आजोबांच्या आधीपासूनचा आहे. मी तर तुला स्वतःहून विचारलं होतं, समुद्राला विचारायचंय का. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

"मग?"

खमैस मडकं मांडीवर घेऊन पायरीवर बसला. फरहातला वाईट वाटलं असावं, तो उठला, हात पुसत जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ म्हणून सांगतो. दोरीवरून सोड, उन्हात पालथी घाल. हळूहळू वास जातो."

खमैसनं मान वर केली. "तुला कसं माहीत, हळूहळू जातो ते?"

फरहात पुन्हा चाकावर जाऊन बसला. चाक फिरायला लागलं, पण त्यावर माती नव्हती.

परत येताना गाडीत खमैसच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. इतक्या वर्षांत त्यानं फरहातकडून कितीदा मडकी नेली, दुसऱ्यांच्या नावांसाठी, शेजाऱ्यांसाठी, घरच्या पाण्यासाठी. या खेपेआधी एकदाही फरहातनं त्याला विचारलं नव्हतं, की समुद्राला विचारायचंय का.

मडकी त्यानं अंगणात उन्हात मांडली आणि जुन्या सुरीनं एकाचा चुना खरवडायला बसला. बाहेरचा चुना निघाला तशी खाली काजळी लागली, काळी, बोटाला चिकटणारी. मग मानेपाशी सुरी अडखळली. चुन्याच्या थराखाली, मडक्याच्या आतल्या अंगाला, पांढऱ्या बारीक नळ्यांची जाळी होती. समुद्रातले किडे दगडांवर, नावेच्या बुडाला अशी घरं बांधतात. खमैसनं आयुष्यभर ती नावेवरून खरवडून काढली होती. ती चुन्याच्या वर असती तर काहीच नव्हतं, मडकी समुद्रातूनच आली होती. पण ती चुन्याच्या खाली होती.

म्हणजे चुना लागण्याआधी हे मडकं समुद्रात राहून आलं होतं.

त्यानं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सगळ्यांचं तेच. आणि प्रत्येकाच्या मानेवर, चुना निघाल्यावर, खिळ्यानं कोरलेली माशाच्या शेपटीसारखी खूण. धक्क्यावर प्रत्येक नावेची आपली खूण असते. ही जिलानीची होती.

मबरूका दारात उभी होती. तिनं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण तो ती चुकीच्या बाजूनं धरून बसला होता.

जिलानी जाळं विणत होता. खमैसनं मडकं त्याच्यासमोर ठेवलं. जिलानीनं अंगठा ओला करून खुणेवरून फिरवला.

"हे कुठून आलं तुझ्याकडे?"

"फरहातकडून. नवीन म्हणून."

जिलानीनं जाळं बाजूला ठेवलं. "गेल्या मोसमात त्यानं मला दिली होती ही. एकही बसेना. सगळी गाडीत घालून त्याच्या दारात नेऊन ओतली. म्हणाला, चूक झाली, लाकूड महाग, एका गॅरेजवाल्यानं टायरचे तुकडे फुकट दिले, एकदाच घातले भट्टीत. माझ्यासमोर मोगरी घेऊन दोन फोडली. म्हणाला, बाकीची संध्याकाळी फोडतो."

"ओली मडकी परत घेतली त्यानं तुझ्याकडून?"

"घेतली की. बदलूनही दिली. फक्त म्हणाला, धक्क्यावर बोलू नकोस, आई म्हातारी आहे, तिच्या कानावर जाईल."

खमैसनं वाळत घातलेल्या ऑक्टोपसांकडे पाहिलं. जिलानी फरहातचा कुणी नव्हता. त्याच्यासाठी नियम वाकला होता.

"अमीनकडे येशील?" त्यानं विचारलं. अमीन म्हणजे कुंभारांचा प्रमुख, त्यांच्या मालावरून तंटा झाला की निवाडा करणारा.

"तू बुडालास की नाव मला मिळणार आहे. विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग मलाच विचारतोस?"

"ही खूण दुसऱ्या कुणाची असती तर त्याला विचारलं असतं."

जिलानीनं दात कोरले, समुद्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझ्यासमोर मोगरी उचलून मला उल्लू बनवलं त्यानं. मी येतो. पण तुझ्यासाठी नाही, आधीच सांगतो."

अमीन यद्दर, हज करून आलेले म्हणून 'हाज', बाजाराच्या टोकाला खजुराच्या झावळ्यांच्या मांडवाखाली बसायचे. स्वतः कुंभार, आता डोळ्यांना कमी दिसायचं. शुक्रवारची नमाज झाली होती, त्यामुळे बघे भरपूर. फरहात आला तो स्वच्छ पांढरा सदरा घालून, सगळ्यांना सलाम करत.

अमीननी आधी खमैसला बोलू दिलं. मग विचारलं, "तू समुद्राला विचारलं होतंस?"

"नाही, हाज."

"का?"

"तो माझा दूधभाऊ आहे."

"हे मडक्यावर लिहिलेलं नसतं. ही चूक तुझी. तडा निघाला असता, बूड वाकडं निघालं असतं, तर मी तुला हाकलून दिलं असतं. कळलं?"

"कळलं."

फरहातचे खांदे जरा सैल झाले. अमीन त्याच्याकडे वळले.

"फरहात, गिऱ्हाइकानं काय म्हणून मागितली होती?"

"मडकी, हाज."

"कशासाठी?"

फरहातनं सदऱ्याची बाही सारखी केली. "ऑक्टोपससाठी."

"तुळस लावायला मागितली असती तर मी आत्ता तुझ्या बाजूनं उठलो असतो. बरं, ऑक्टोपसच्या मडक्याची माती आपण कशात मळतो?"

"समुद्राच्या पाण्यात."

"मग ती भाजल्यावर आपोआप पांढरी होते. इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. तिला चुना कशाला लागला?"

मांडवात कुणीतरी खाकरलं. फरहात म्हणाला, "धुरानं जरा काळवंडली होती."

"आणि चुन्याखाली किड्यांची घरं कुठून आली? तू किडे भट्टीत भाजतोस काय?"

लोक हसले. फरहातनं जिलानीला पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. जिलानीनं उभं राहून सगळं सांगितलं, मोगरीसकट, आणि सांगताना खमैसकडे एकदाही पाहिलं नाही.

अमीननी एक मडकं मांडीवर घेऊन खुणेवरून बोट फिरवलं. "ओलं मडकं परत नाही, हा नियम कुणासाठी आहे माहीत आहे का तुला? ज्या कुंभाराला आपल्या मडक्यातलं वैगुण्य माहीत नाही, त्याच्यासाठी. दोघांनाही माहीत नसतं, म्हणून समुद्राला विचारायचं. तुला तर समुद्रानं आधीच सांगितलं होतं. तू ते चुन्याखाली झाकलंस."

मग खमैसनं तोंड उघडलं. तो अमीनशी बोलत नव्हता.

"मलाच का दिलीस?"

फरहातनं जमिनीकडे पाहिलं.

"धक्क्यावर एवढी माणसं आहेत. माझा पहिला मोसम होता. तुला माहीत होतं नाव जाईल. मलाच का?"

"दुसरा कुणीही समुद्राला विचारून आला असता," फरहात हळू म्हणाला. "तू विचारणार नव्हतास."

खमैसला हे उत्तर माहीत होतं, गाडीत बसल्यापासून माहीत होतं. तरी ते ऐकल्यावर त्याला बसावंसं वाटलं, आणि बसायला जवळ काही नव्हतं.

अमीननी निवाडा दिला. सगळी मडकी ओली, खरवडलेली, जशी असतील तशी फरहातनं परत घ्यायची आणि तिसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ नयेत म्हणून इथेच, सगळ्यांसमोर फोडायची. त्याच्या चुलतभावाच्या भट्टीतली मडकी त्याच आठवड्यात खमैसला पोचवायची, तीही समुद्राला विचारून. शिवाय पुढचा मोसम संपेपर्यंत फरहातच्या भट्टीत काय जळतंय ते अमीनचा माणूस येऊन बघणार.

फरहातनं मोगरी हातात घेतली. रिवाज असा की नुकसान झालेल्यानं पहिला घाव घालायचा. त्यानं मोगरी खमैसपुढे धरली. खमैसनं ती घेतली नाही. तो मांडवाच्या बाहेर जाऊन उभा राहिला आणि पाठीमागे मडकी फुटण्याचे आवाज ऐकत राहिला. मडक्यांचा नाद चांगला होता. माती चांगली होती, हात चांगला होता. हेच त्याला सहन होईना.

त्यानंतर तो गल्लालाला गेला नाही. उम्मी तिबरनं निरोप पाठवला, तरी नाही. शेवटी आठवडा संपता संपता एका सकाळी घोडागाडी त्याच्या दारात उभी राहिली. पुढे उम्मी तिबर, मांडीवर कापडात गुंडाळलेल्या जवाच्या भाकरी, मागे गवतात रचलेली, चुलतभावाच्या भट्टीतली मडकी. आणि लगाम धरून फरहात.

उम्मी एकटीच आत आली. मबरूकानं तिला भिंतीशी उशी देऊन बसवलं.

"मडकी परत केलीस म्हणे," म्हातारी म्हणाली.

"हो, उम्मी."

"चांगलं केलंस. मी असते तर त्याच्याच डोक्यात फोडली असती." तिनं भाकरीचं कापड सोडलं. "त्यानं मला सांगितलं नाही. बाजारातून ऐकलं मी. या वयात बाजारातून ऐकावं लागलं."

खमैस तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पण मला काय म्हणून परत करतोस? माझ्यात कसला वास आला तुला?"

त्यानं तिचा हात घेऊन कपाळाला लावला. तिनं त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला, लहानपणी कोंबायची तसा, आणि म्हणाली, "तो बाहेर उभा आहे. आत बोलव म्हणत नाही मी. पण मडकी तरी उतरवून घे. थंडी संपत चालली आहे."

खमैस बाहेर गेला. फरहातनं एक मडकं उचलून त्याच्यापुढे धरलं. चुना नव्हता, समुद्राच्या पाण्यात मळलेल्या मातीचा तो फिका, कोरडा पांढरेपणा होता.

खमैसनं खिशातून हात काढला आणि बोटाच्या पेरानं मडक्यावर ठोकलं. मान तिरकी करून ऐकलं. मग नाक आत घालून वास घेतला. मग पुढचं मडकं मागितलं. फरहात एकेक धरत गेला आणि तो एकेकावर ठोकत गेला, घाई न करता, एकही न वगळता. आत उम्मीला आणि मबरूकाला तो आवाज ऐकू येत होता. मबरूकानं चहा ओतायचा थांबवला. उम्मी भाकरीचं कापड घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती.

सगळी ठोकून झाल्यावर खमैसनं मूठभर मडकी बाजूला काढली.

"एवढी नेतो," तो म्हणाला. "समुद्राला विचारून येतो. बाकीची तुझीच अजून."

"बरं," फरहात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. खमैसनं ते पाहिलं, आणि दोरी आणायला वळला.

समुद्रानं हो म्हटलं. मोसम उशिरा सुरू झाला तरी त्याच्या घरासमोरची दोरी भरली, मबरूकाला विजारी वाळवायला दुसरी जागा शोधावी लागली. वारा फिरला आणि मोसम संपला तेव्हा सालम काकांनी जपमाळ खिशात घातली, नावेच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ने. पण रंग माझ्या पसंतीचा द्यायचा." जिलानी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, मग बोलायला लागला.

खमैस आता पिकलाय. ईदच्या सकाळी तो अजूनही आधी गल्लालाला जातो. उम्मी तिबर अंथरुणाला खिळली आहे, ती त्याला हातानं चाचपून ओळखते. तो तिच्या हाताचं चुंबन घेतो, तिच्या शेजारी बसतो. दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना बसतात, मुलाबाळांचं, वाऱ्याचं, लाकडाच्या भावाचं बोलतात. म्हातारीला बरं वाटतं.

मग फरहात चहा आणतो. खमैस पेला घेतो, आणि ओठाला लावण्याआधी, त्याच्याही नकळत, बोटाच्या पेरानं काचेवर हळूच एकदा ठोकतो. फरहात तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो.